परवाना कोणाचा, कशाचा? परदेशी निघालेल्या तरुणांना रोखठोक सवाल

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरले. त्यात १०४ भारतीय होते. हातांत बेड्या, पायांत साखळ्या! पंजाब, हरियाणा आणि गुजरातची माणसे त्यात अधिक होती. म्हणून हे दुखणे त्यांचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणत महाराष्ट्राने पान उलटले. परंतु त्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते, हे किती जणांनी वाचले? दलालाला लाखो रुपये मोजून, जंगलातून आणि नद्यांतून 'डंकी'च्या वाटेने नेल्याच्या कहाण्या परतलेल्यांनी सांगितल्या. पैसा गेला, इज्जत गेली आणि घरावरचे कर्ज तेवढे शिल्लक राहिले.

मोर्शीत बसून हे आम्ही का लिहितो, असा सवाल कुणी करील. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणून मिरवण्याची पद्धत आहे. पण या कॅलिफोर्नियात बाग एकाची आणि तोडाई दुसऱ्याची, हे चित्र आजही पुरते पुसलेले नाही. आमच्या समाजाच्या वाट्याला बाग क्वचितच आली. बापाने संत्रा तोडला, मायने निंदण केले आणि पोराला शिकवले. ते पोरगे आज आयटीआय करून फिटर झाले आहे, नर्सिंग झाले आहे, इंजिनिअर झाले आहे. इथे त्याला कंत्राटी नोकरीशिवाय काही मिळत नाही. मग ते आखातात, जर्मनीत, कॅनडात जाण्याचे स्वप्न पाहते. ते स्वप्न चुकीचे नाही. चुकीचा आहे तो माणूस, जो या स्वप्नाचा सौदा करतो.

आमची भूमिका स्पष्ट आहे. परदेशी जाऊ नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे सांगणाऱ्यांची परंपरा वेगळी. ती आमची नव्हे. आमचा बाप १९१३ साली समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेला, कोलंबिया विद्यापीठात शिकला, तेथून लंडनला गेला आणि तिथल्या ज्ञानाच्या बळावर त्याने इथल्या व्यवस्थेला जाब विचारला. परंतु बाबासाहेब कसे गेले, हेही पाहा. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी लेखी करार केला. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, परत आल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी. पैसा किती, काळ किती, अट कोणती, सारे कागदावर होते.

आणखी एक प्रसंग चळवळीतल्या अनेकांनी चरित्रात वाचला आहे, पण त्यातला धडा घेतलेला नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडन सोडावे लागले. महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते टॉर्पेडोच्या माऱ्याने बुडाले. ग्रंथ गेले, हस्तलिखिते गेली. पण सामान थॉमस कुक या कंपनीमार्फत पाठवले होते, म्हणून तिच्याकडून सहाशे रुपयांची भरपाई मिळाली आणि त्याच पैशातून बडोद्याला जाण्याची सोय झाली. बांधवांनो, ग्रंथांची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही. पण व्यवहार ज्याच्याशी केला त्याचे नाव, पेढी आणि जबाबदारी माहीत होती, म्हणून जहाज बुडाल्यावरही दाद मागता आली. आज आमची पोरे ज्याच्या हाती पासपोर्ट देतात, त्याचे पूर्ण नाव तरी त्यांना माहीत असते काय?

आता मुद्द्यावर येऊ. मोर्शी, वरुड, अचलपूर, अमरावती, अकोला, कुठेही जा. परदेशी पाठवणाऱ्याच्या कार्यालयात भिंतीवर चौकटी टांगलेल्या दिसतात. त्याला परवान्याबद्दल विचारा, तो त्या चौकटीकडे बोट दाखवतो. जवळ जाऊन वाचा. एक असते दुकानाची नोंदणी, म्हणजे शॉप अॅक्ट. दुसरी जीएसटीची. तिसरी उद्यम नोंदणी. हे तिन्ही कागद किराणा दुकानदाराकडेही असतात! त्यांच्या जोरावर परदेशात माणूस पाठवता येत नाही. म्हणून आमचा पहिला सवाल हाच की, परवाना आहे ना? मग कोणाचा आहे आणि कशाचा आहे?

परदेशात नोकरीला पाठवणे हा एक व्यवहार आहे. त्यासाठी भारताचा उत्प्रवासन कायदा, १९८३ आहे. या कायद्याच्या कलम १० प्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाच्या यंत्रणेकडून नोंदणी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कोणालाही परदेशातील नोकरीसाठी भरती करता येत नाही. मोठ्या भरती एजंटाला हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते; शंभरापर्यंत माणसे पाठवणाऱ्या लहान एजंटाला ८ लाखांची. ही हमी कशासाठी? कामगार तिकडे अडकला, त्याला परत आणावे लागले, तर सरकारला त्या हमीला हात घालता यावा म्हणून! परवाना म्हणजे एजंटाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. परवानाधारकही फसवू शकतो आणि फसवतो. फरक एवढाच की, परवानाधारकाची मानगूट कायद्याच्या हातात असते आणि बिनपरवान्याचा माणूस एका रात्रीत सिमकार्ड बदलून नाहीसा होतो.

या एजंटाने उमेदवाराकडून किती पैसे घ्यावेत, हेही ठरलेले आहे. ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी. त्याहून जास्त नाही, आणि त्याची पावती दिलीच पाहिजे. आता आपल्या भागात आखाताच्या एका व्हिसासाठी किती मागतात, ते आठवा. दीड लाख, दोन लाख! वर म्हणतात, 'बाप्पा, मुंबईच्या पार्टीला द्यावं लागते.' ही 'मुंबईची पार्टी' म्हणजे कोण? नोंदणीकृत एजंट असेल तर त्याचा क्रमांक सांगा. तुम्ही त्याचे उपएजंट असाल, तर उपएजंटाला या कायद्यात जागाच नाही. गावातला ओळखीचा माणूस, नात्यातला माणूस, प्रसंगी आपल्याच वस्तीतला, निळा गमछा गळ्यात घालून 'जयभीम' करणारा माणूस असला, तरी कायदा बदलत नाही. 'आपला माणूस आहे' या तीन शब्दांनी समाजाचे जितके पैसे बुडवले, तितके सावकारानेही क्वचितच बुडवले असतील.

ज्याचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे, त्याच्या पासपोर्टवर सहसा उत्प्रवासन तपासणीची अट असते. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया, इराक, जॉर्डन अशा १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईला आहे. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. दलाल काय करतो? हे सारे टाळण्यासाठी पोराला पर्यटक व्हिसावर विमानात बसवतो. 'तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा लागून जाईल,' म्हणतो. त्या क्षणी करार जातो, विमा जातो आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदीतून त्या पोराचे नावही जाते. उद्या मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर वकिलातीला तो तिथे कामाला आहे याची नोंदच सापडत नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांतून पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांनाही चांगल्या नोकरीचेच आमिष दाखवले होते.

दुसरा व्यवहार वेगळा आहे. शिक्षणासाठी किंवा कायम वास्तव्यासाठी जाण्याचा. येथे मोठी पळवाट आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. १९८३ चा कायदा नोकरीच्या भरतीसाठी आहे. विद्यार्थी व्हिसा आणि कायम वास्तव्याचा सल्ला देणाऱ्यासाठी भारत सरकारचा असा कोणताही परवाना नाही. म्हणून अशा सल्लागाराने 'आम्ही भारत सरकारमान्य' असे म्हटले की समजा, पहिल्याच वाक्यात खोटे सुरू झाले. येथे परवाना पाहायचा तो ज्या देशात जायचे त्या देशाचा.

कॅनडाचे घ्या. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा, तर तिथला वकील असावा लागतो किंवा 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या संस्थेचा परवानाधारक सभासद. ही संस्था २०२१ पासून हे काम पाहते आणि तिची सभासद-सूची कुणालाही फुकट पाहता येते. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाला सात आकडी क्रमांक असतो. ब्रिटनमध्ये हे नियमन २०२५ पासून इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटी या नावाने चालते. न्यूझीलंडने २००७ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत तर सल्लागार नावाचा परवानाच नाही. तिथे वकील किंवा सरकारने मान्यता दिलेला प्रतिनिधी, हे दोनच. मग अमरावतीत बसलेला जो म्हणतो 'मी अमेरिकेचा लायसन्स कन्सल्टंट', त्याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

परवाना क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले नाही. तो क्रमांक सूचीत स्वतः शोधा. नाव जुळते का, परवाना चालू आहे की स्थगित, कधी शिक्षा झाली होती का, हे पाहा. मग त्याच माणसाशी बोला. कारण खरा परवानाधारक टोरांटोत आणि त्याचे नाव पाटीवर लावून धंदा करणारा भलताच, असेही चालते. शुल्काचा लेखी करार मागा. त्यात कोणते काम, किती टप्प्यांत पैसे, काम झाले नाही तर किती परत, हे लिहिलेले पाहिजे. पैसे बँकेतून द्या. आणि जो म्हणेल की व्हिसाची शंभर टक्के हमी, त्याच्या दारातून त्याच पावली बाहेर पडा. व्हिसा देणे न देणे हे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हाती असते. सल्लागार अर्ज नीट भरू शकतो, कागद लावू शकतो, कायदा समजावू शकतो. निकाल विकू शकत नाही.

सर्वात महत्त्वाची गोष्ट सहीची. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. अर्जात खोटा अनुभव, खोटी बँक शिल्लक, खोटे प्रवेशपत्र लावले तर सल्लागार नामानिराळा राहतो. अर्जदार तुम्ही असता. कॅनडाच्या कायद्यात चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार आली, कारण त्यांच्या एजंटाने लावलेली कॉलेजची प्रवेशपत्रे बनावट निघाली. त्या एजंटाला पुढे कॅनडाच्या न्यायालयात शिक्षा झाली खरी, पण पोरांची उमेदीची वर्षे कोण परत देणार? अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा, खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि मूळ पासपोर्ट कुणाच्या कपाटात ठेवू नका.

आमच्याकडे वकिलीच्या निमित्ताने जी कुटुंबे येतात, त्यांच्या पिशवीत सारे काही असते. पोराची टीसी असते, जातीचा दाखला असतो, गहाणखत असते, बचत गटाच्या कर्जाचे पासबुक असते. नसते ती फक्त दलालाची पावती! संत्र्याच्या बागेचा सौदा करताना शेतकरी इसार घेतो, चार माणसांत बोलतो. पण घर गहाण टाकून पोराला परदेशी पाठवताना मात्र सारा व्यवहार तोंडी. हे कसे चालेल?

फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. 'लोक हसतील' ही लाज दलालाच्या पथ्यावर पडते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगते; विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे. गुन्हा दुसऱ्या गावी घडला म्हणून ठाणेदार परत पाठवू शकत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणे त्याला भाग आहे. अनेक ठिकाणी सांगतात की, उत्प्रवासन कायद्याखाली खटल्याला दिल्लीची परवानगी लागते. अर्धे खरे आहे. त्याच कलम २७ च्या परंतुकात म्हटले आहे की, स्वतः फसलेल्या उत्प्रवाशाने किंवा त्याच्या वतीने आई-वडील, पती-पत्नी, मुले, भावंडांनी तक्रार केली, तर ती परवानगी लागत नाही. हे परंतुक छापून घ्या आणि ठाण्यात घेऊन जा. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो. म्हणजे दिल्लीच्या सल्लागारावर अमरावतीत! सल्लागाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका. परदेशात नोकरीला गेलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता सरकारला सवाल. बिनपरवाना भरतीला १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार! जो एका पोरामागे दोन लाख कमावतो, त्याला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. परराष्ट्र मंत्रालयाने तीन हजारांहून अधिक बेकायदा एजंटांची नावे जाहीर केली आहेत. नावे जाहीर झाली, पण धंदा बंद झाला काय? पंजाबने २०१२ सालीच ट्रॅव्हल एजंट आणि सल्लागारांना परवान्याची सक्ती करणारा राज्याचा कायदा केला. महाराष्ट्राने त्याहून कडक कायदा करावा, आणि त्यात विद्यार्थी व्हिसाचे सल्लागारही यावेत. विदर्भासाठी प्रोटेक्टरचे कार्यालय नागपूरला हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल तरुण पाठवण्याची घोषणा केली. त्यातून प्रत्यक्ष किती गेले आणि त्यात अनुसूचित जातींचे किती, याचा तालुकावार हिशेब सरकारने जाहीर करावा. सरकारी वाट अडखळली की दलालाची वाट वाहू लागते.

शिष्यवृत्तीचेही तेच. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी ७५ जागा आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत एकूण १२५ जागा आहेत. पण २०२५ साली केंद्राने निवडलेल्या १०६ उमेदवारांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांनाच तात्पुरती पत्रे दिली. उरलेल्यांना निधीची वाट पाहण्यास सांगितले. निवड झालेल्या पोराला पैशांसाठी ताटकळत ठेवणारे सरकार त्याला कोणाच्या दारात ढकलते? दलालाच्याच ना! आणि लक्षात ठेवा, या शिष्यवृत्त्यांच्या अर्जासाठी कोणत्याही सल्लागाराला एक रुपया देण्याची गरज नाही.

शेवटी चळवळीला सवाल. लंडनमधले बाबासाहेबांचे घर २०१५ साली राज्य सरकारने घेतले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. २०२३ साली सिएटल शहराने जातीय भेदभावाविरुद्ध कायदा केला, त्यामागे परदेशस्थ आंबेडकरी बांधवांचाही लढा आहे. जात विमानात बसून तिकडेही जाते, हे त्या लढ्याने जगाला दाखवले. तिकडे पोहोचलेल्या बांधवांना आमची विनंती आहे की, इकडून निघणाऱ्या एकेका पोराच्या कॉलेजचा, कंपनीचा पत्ता खरा आहे का, एवढे तरी पडताळून द्या. तुमच्या एका फोनने एक घर वाचेल.

आणि इथल्यांनी काय करायचे? मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, अचलपूर इथल्या प्रत्येक मोठ्या विहारात महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवा. एक वकील, एक संगणक जाणणारा तरुण आणि परदेशात जाऊन आलेला एक माणूस, एवढे तिघे पुरेत. ज्याला जायचे आहे त्याने करार घेऊन यावे, तो सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, परवाना क्रमांक तिथल्या तिथे तपासावा. फी नाही, उपकार नाही. मोर्शीची जबाबदारी आम्ही घेतो. इतर तालुक्यांतल्या वकील बांधवांनी आपापली घ्यावी. आमची पोरे जाणार आहेत, त्यांना कुणी अडवू नये. पण ती जातील तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने आणि हातात पावती घेऊन जातील, एवढे आपण केले पाहिजे.

जयभीम!